स्थळं बघणाऱ्या बाई

बाईंना स्कूटरवर मागे बसवून नाशिकभर हिंडवणं हे माझ्या नोकरीच्या अटींमध्ये कुठे लिहिलेलं नव्हतं. तशा माझ्या नोकरीला फारशा अटीच नव्हत्या. मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो, म्हणजे जेवढे तास शिकवीन तेवढ्यापुरता मी विद्यापीठाचा आणि बाकीचा वेळ माझा. त्या हिवाळ्यात भूकंप झाला, माझे बरेचसे तास बंद पडले आणि माझ्या त्या बाकीच्या वेळावर बाईंनी सरळ कब्जा केला. त्या मागे एका बाजूला पाय सोडून बसत. मांडीवर पर्स, हातात मिटलेली छत्री. ज्या बाजूला वळायचं असेल त्या खांद्यावर छत्रीची मूठ टेकत. बोलत नसत. हेल्मेट घातलेल्या माणसाशी बोलणं म्हणजे बंद दाराशी बोलणं, असं त्यांचं मत होतं. थांबायचं असलं की छत्री दोन्ही खांद्यांवर आळीपाळीने पडे आणि मी गंगापूर रोडच्या भर रहदारीत करकचून ब्रेक दाबत असे.

बाई आमच्या संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या आणि मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरही होत्या. दोन्ही कामं त्या सारख्याच नाराजीने करत. जगातल्या सगळ्यांना त्या 'तुम्ही' म्हणत. विद्यार्थ्यांना, शिपायांना, भाजीवाल्याच्या लहान पोरालाही. विभागाच्या पायरीवर एक कुत्रं पडलेलं असे. त्याला त्या रोज सकाळी 'जरा सरकता का तुम्ही?' असं विचारत आणि ते सरकेपर्यंत थांबत.

दुसरी गोष्ट म्हणजे 'नक्की' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी यायचा नाही. उद्या तास आहे का, तर बहुतेक. चहा घेणार का, तर बहुतेक. एका बैठकीत कुलगुरूंनी सहज आज वार कोणता म्हणून विचारलं, तर बाई म्हणाल्या, बहुतेक बुधवार. बुधवारच होता. कुलगुरूंना ती थट्टा वाटली आणि त्यांनी ती मनात ठेवली. पण बाई थट्टा करत नव्हत्या. ज्याची खात्री देता येत नाही त्याची देऊ नये, एवढं एकच तत्त्व त्या आयुष्यात पाळत आल्या होत्या, आणि ते त्या वारांच्या बाबतीतही पाळत.

भूकंप सकाळी झाला, लोक अजून पांघरुणातून बाहेर पडत होते तेव्हा. गावात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. विद्यापीठापुरतं सांगायचं तर मुलींच्या वसतिगृहाचा जिना भिंतीपासून सुटला आणि वरच्या मजल्यावरच्या मुली अग्निशमन दलाची शिडी येईपर्यंत गॅलरीत उभ्या राहिल्या. त्या सगळ्या सुखरूप उतरल्या. ग्रंथालयाची मागची बाजू मात्र बसली आणि तिथे झाडलोट करायला लवकर आलेले आमचे शिपाईमामा गेले. त्यांच्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. लिहायला लागलो तर बाई बाजूलाच राहतील.

पुढचे दोन-तीन महिने विद्यापीठ मांडवात चाललं. लग्नं पुढे ढकलली गेली होती, तेव्हा एका मंडपवाल्याने आपलं सगळं सामान आणून आमच्या मैदानावर उभं केलं. त्यामुळे आमचे वर्ग सोनेरी झालरींखाली, लाल मखमली खुर्च्यांवर भरत. कुलगुरूंच्या वाट्याला नवरा-नवरीच्या बसायच्या दोन सिंहासनवजा खुर्च्या आल्या होत्या. एकीवर ते बसत आणि दुसरीवर फायली. कुणी भेटलं की नमस्कार राहिला बाजूला, आधी 'हललं का?' असं विचारायची पद्धत पडली होती. दिवसाकाठी काही ना काही हलतच होतं. इमारतींवर इंजिनिअर मंडळींनी लाल आणि हिरव्या फुल्या मारल्या होत्या. हिरवी फुली असलेल्या इमारतीतसुद्धा लोक फाईल आणायला पळत जात आणि पळत बाहेर येत.

मुलींचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. पहिले काही दिवस त्या मांडवातच झोपल्या. पण नाशिकची थंडी, त्यात चारी बाजूंनी कापड. रोज कुणाचे तरी वडील येत आणि मुलीला घेऊन जात. सुरगाण्याकडून जीप येत, वणीकडून, येवल्याकडून एसटीने लोक येत. 'थोडे दिवस घरी राहू द्या, सगळं नीट झालं की पाठवतो' असं म्हणत. ते मनापासून म्हणत यात शंका नाही. पण बाईंनी इतक्या वर्षांत हे पाहिलं होतं. आजारपण, लग्नकार्य, काहीही निमित्ताने शेवटच्या वर्षात घरी गेलेली मुलगी तिकडेच अडकते, कुणीतरी तिला मागणी घालतं, आणि मग वर्ष राहतं ते राहतंच. जी गेली ती गेली, हे बाईंनी मला स्कूटर उभी असताना सांगितलं होतं. ते सांगताना त्यांनी 'बहुतेक' लावलं नव्हतं.

विद्यापीठाने गावाला आवाहन केलं की ज्यांच्या घराला धोका नाही आणि ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे, त्यांनी एकेका मुलीला परीक्षेपर्यंत ठेवून घ्यावं. गाव चांगलं निघालं. कॉलेज रोड, इंदिरानगर, पंचवटी, सगळीकडून निरोप आले. कितीतरी बंगल्यांत मुलं अमेरिकेला आणि वरच्या खोल्यांना कुलपं, अशी स्थिती होतीच. कुलसचिवांचं म्हणणं, नावांच्या क्रमाने मुली वाटून टाकू. बाई म्हणाल्या, "मुली काय रेशनची साखर आहे का वाटून टाकायला? त्यांना आधी घरं बघू द्या."

आणि बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले.

मी आणि बाई स्कूटरवर पुढे, मुलगी मागून रिक्षाने. बंगल्याचं फाटक उघडे. आम्हाला दिवाणखान्यात बसवत. आणि कुणी सांगितलेलं नसताना, आतून पोह्यांच्या फोडणीचा वास येई. आपल्याकडे कुणी काही बघायला आलं की हात आपोआप पोह्यांकडे वळतात. घरमालक इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले असत, मालकीणबाई पदर सारखा करत ट्रे घेऊन येत. मग बाई मुलीला म्हणत, "विचारा." मुलगी आधी लाजे, पण दुसऱ्या-तिसऱ्या घरापर्यंत तीही सरावत असे. बाथरूमला आतून कडी आहे का? रात्री दिवा किती वाजेपर्यंत चालेल? घरात कोण कोण राहतं, येणारे-जाणारे कोण? मग ती आत जाऊन खोली पाहून येई, कडी लावून पाही. बाई तेवढ्यात वाटीभर वरण मागून चाखत. शेवटी दोघी उठत आणि बाई दारात म्हणत, "कळवतो."

तो शब्द ऐकून घरमालकांचे चेहरे कसे होत, हे बघण्यासारखं असे. त्यांतल्या कित्येकांनी मुलांच्या लग्नाच्या वेळी हाच शब्द दारोदार उच्चारला असणार. आता तोच आपल्या सोफ्यावर बसून ऐकताना एक निवृत्त अभियंते मला हळूच बाजूला घेऊन म्हणाले, काही कमी पडलं का हो आमच्यात?

एकदा वाटेत चहाला थांबलो असताना मी बाईंना म्हटलं की तुम्हाला यात मजा येतेय. त्यांनी बशीत चहा ओतला, गार होऊ दिला. म्हणाल्या, मलाही बरेच जण बघून गेले होते. पोहे चांगले व्हायचे आमच्या घरी. एवढंच. मला तेव्हा हसू आलं. घरी जाऊन आठवलं तेव्हा नाही आलं.

बाई घरं नाकारत त्याची कारणं ऐकायची सवय मला झाली होती. एका घरी मालकीणबाईंनी मुलगी कुठल्या समाजाची ते विचारलं. बाईंनी हातातली बशी खाली ठेवली आणि पोहे अर्धे टाकून त्या उठल्या. बाई ताटातलं कधी टाकत नसत, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. दुसऱ्या एका घरी, 'तेवढीच घरात कामाला मदत' असं कुणीतरी बोलून गेलं, तेव्हा बाईंनी शांतपणे पगार किती देणार ते विचारलं. खुद्द कुलगुरूंचा बंगलाही नापास झाला. त्यांच्या सौभाग्यवती मोठ्या प्रेमाने म्हणाल्या होत्या, आम्ही हिला आमची मुलगीच मानू. बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "मुलगी मानतात त्या घरी पानं घ्यायला लावतात. पाहुणी मानणारं घर बघा." नकार कळवायचं काम माझ्याकडे होतं. कुलगुरू सिंहासनावर बसले होते. ऐकून ते म्हणाले, पण पोहे तर बाईंनी दोनदा घेतले.

इंदिरानगरच्या एका घराने तर कमालच केली. मुलगी बघायला घेऊन येतो, असा आमचा निरोप त्यांना पोचला होता आणि त्यांनी त्याचा आपल्या परीने अर्थ लावला. आम्ही गेलो तेव्हा त्यांचा बँकेतला मुलगा नवा शर्ट घालून, केस चोपून बसला होता आणि नाशिकरोडहून आत्या आली होती. आत्याने आमच्या विद्यार्थिनीला स्वयंपाक येतो का म्हणून विचारलं. ती पोरगी पेठकडची, भिडस्त, पण इतकी घरं पाहून धीट झालेली. तिने मुलाकडे वळून त्याला येतो का ते विचारलं. त्याला फक्त मॅगी येत होती. खुलासा झाल्यावर सगळ्यांची इतकी हसून पुरेवाट झाली की बाईंनी ते घर जागेवरच पसंत केलं, मात्र मुलाने परीक्षेपर्यंत आत्याकडे राहायचं या अटीवर. तो बिचारा दुसऱ्या दिवशी बॅग भरून नाशिकरोडला गेला.

आता नवं वसतिगृह झालं आहे, बुटकं, वर एकच मजला असलेलं. त्याच्या उद्घाटनाला निवृत्त झालेल्या बाईंना मुद्दाम बोलावलं होतं. चार शब्द बोला म्हटल्यावर त्यांनी माईक हातात घेतला आणि सांगितलं की वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या कड्या नीट लागत नाहीत. मग माईक परत दिला. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे लोकांना समजेना.

पण त्या हिवाळ्यात बाईंच्या स्वभावाने आमचं नुकसानही केलं, हे सांगायला हवं. मांडवात एकदा पालकांची सभा झाली. इंजिनिअर बोलले, कुलसचिव बोलले, सगळ्यांनी सांगितलं की घरं तपासलेली आहेत, आता काही होणार नाही. पालकांना ते पटत नव्हतं. त्यांना बाईंच्या तोंडून ऐकायचं होतं, कारण मुली घरी बाईंबद्दलच बोलत. एकाने उठून विचारलं, मॅडम, तुम्ही सांगा, काही होणार नाही ना? बाई म्हणाल्या, सांगता येत नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणखी काही मुली गेल्या. कुलसचिव डोकं धरून बसले. मीही जरा चिडलो होतो. एक शब्द बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असं मी स्कूटर चालू करता करता म्हटलं. बाई मागे बसल्या नाहीत. म्हणाल्या, "खोटं सांगून ठेवून घेतलं आणि रात्री हललं, तर त्या मुलीने पुढे कुणाचं ऐकायचं?"

शेवटी सगळ्या मुलींची सोय लागली आणि एक राहिली. पूनम. येवल्याची. वडील पैठण्या विणत, एका व्यापाऱ्यासाठी. स्वतःच्या घरातल्या मागावर बसून त्यांनी मुलीला एमएस्सीपर्यंत आणलं होतं आणि आता एकच सत्र उरलं होतं. हुशार मुलगी, बाईंच्या विभागातलीच. ती भूकंपाच्या सकाळी वरच्या गॅलरीत होती आणि शिडीवरून सगळ्यात शेवटी उतरली होती. तिने एकूण एक घरं नाकारली. एका घरी कुत्रा होता. एका घरी आजोबा खोकत होते. एका घराला जिना अरुंद होता, आणि जिथे जिनाच नव्हता तिथे उदबत्तीचा वास फार होता. चांगल्यात चांगली घरं. मी वैतागलो होतो, पण बाई दर वेळी तिच्याकडे बघून 'बरं' म्हणत आणि छत्री उचलत.

तिच्या वडलांचा फोन आला. ते मला म्हणाले, "सर, म्या आयतवारी येतो. जागा झाली आसंल तर ठीक. नायतर पोरीला घिऊन जातो. मांडवात ठेवायची नाय आता." कोपरगावच्या एका घरातून विचारणा आली आहे, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. मी ते बाईंना कळवलं. शनिवार उजाडला तरी पूनमला घर नव्हतं. दुपारी बाई म्हणाल्या, एक स्थळ राहिलंय. संध्याकाळी पाचला पूनमला घेऊन या. पत्ता मी दोनदा विचारून घेतला, कारण तो बाईंच्याच घराचा होता.

बाईंच्या घरी विभागातलं कुणी कधी गेलं नव्हतं. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. इमारतीला हिरवी फुली होती. दार बाईंनी उघडलं. ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. त्यांनी आम्हाला बसवलं, आत गेल्या आणि पोहे घेऊन आल्या. पोहे खाली लागलेले होते. ट्रे ठेवून त्या समोरच्या खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या, ज्या दिवाणखान्यांत आम्ही महिनाभर हिंडलो तिथल्या मालकिणी बसत तशा. मला तिकडे बघवेना.

"विचारा," बाई म्हणाल्या.

पूनमने काहीच विचारलं नाही. ती उठून आत गेली. कडीचा आवाज आला, मग काही वेळ कसलाच नाही. ती परत आली तेव्हा तिची बोटं धुळीने माखलेली होती.

"बाई, गादीवर धूळ आहे. तुम्ही इथे झोपत नाही का?"

मला वाटलं, आता बाई रागावणार. पण बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या की भूकंप झाल्यापासून आपण वर झोपलेलो नाही. स्वयंपाक, आंघोळ वर करते, आणि अंधार पडला की खाली, इमारतीसमोरच्या उघड्या पार्किंगमध्ये जाते. गाडीत झोपते.

बाईंकडे गाडी आहे, हे मला तेव्हा कळलं. मी महिनाभर त्यांना स्कूटरवरून हिंडवत होतो, त्याचं कारणही कळलं. गाडीच्या मागच्या सीटवर त्यांचं अंथरूण होतं.

पूनम खाली बसली. म्हणाली, मलाही छताखाली झोप येत नाही बाई. कुठल्याच. डोळा लागला की ती गॅलरी हलते. घरं सगळी चांगली होती, मी उगीच खोड्या काढल्या. हे बोलताना ती रडत नव्हती. पण गेल्या महिनाभरात एवढं सरळ वाक्य मी मांडवात कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, माझ्याही नाही. सगळे फाईल आणायला पळत होतो आणि घाई आहे म्हणत होतो.

बाईंनी विचारलं, मग काय करायचं? उद्या वडील येतायत.

पूनम म्हणाली, "तुम्ही वर झोपणार असाल, तर मी येते. तुम्ही गाडीत आणि मी इथे, असं नको."

बाईंनी उठून खिडकीतून खाली पार्किंगकडे बघितलं आणि परत येऊन बसल्या. घरमालकांना अटी घालणाऱ्या बाईंना कुणी अट घातलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी बशा उचलल्या आणि आत जाऊन धुतल्या. मी निघालो तेव्हाही दोघी तशाच बसल्या होत्या.

रविवारी सकाळी पूनमचे वडील एसटीने आले. किडकिडीत, गळ्यात मफलर, हातात मुलीच्या कपड्यांसाठी आणलेली रिकामी नायलॉनची पिशवी. मी त्यांना स्कूटरवर घेऊन निघालो. वाटेत त्यांनी विचारलं, या बाई कशा हायेत? मी म्हटलं, बऱ्या आहेत. याहून नेमकं मला आजही सांगता येणार नाही. पार्किंगमध्ये बाईंची गाडी उभी होती. मी आत डोकावलो. मागची सीट रिकामी होती.

दार बाईंनी उघडलं. केस मोकळे, डोळे लाल, रात्रभर जागलेल्या माणसाचा चेहरा. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीत दाराशेजारीच जमिनीवर दोन अंथरुणं घातलेली होती. एकावर पूनम तोंडापर्यंत रजई ओढून गाढ झोपली होती.

"आत्ता पहाटे लागलीय झोप," बाई कुजबुजल्या. "उठवू नका त्यांना."

वडील उंबऱ्यावर उभे राहून मुलीकडे बघत होते. मग त्यांनी वर छताकडे बघितलं. तिथे कोपऱ्यातून एक बारीक तडा गेला होता. तेही हळू आवाजात बोलले.

"ताई, खरं सांगा. इथं काय धोका नाय ना?"

"आहे," बाई म्हणाल्या. "सगळीकडेच आहे."

"मंग रातच्याला हाललं तर?"

"हललं तर मी आधी पळणार. मला फार भीती वाटते. त्यांना सांगून ठेवलंय, माझ्या मागोमाग यायचं. चपला शोधत बसायचं नाही."

मुलीच्या बाबतीत त्या महिन्यात वडलांना बऱ्याच जणांनी बरंच काही सांगितलं असणार, पण मी भिते, असं कुणी सांगितलेलं नसावं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"आमची पूनम पळायला लय चपळ हाय," ते म्हणाले. "तीच तुमाला वढीत नील."

त्यांनी आणलेली रिकामी पिशवी नीट घडी करून खिशात घातली आणि मुलीला न उठवताच ते जिना उतरायला लागले.